पोळ्याचा प्रवास आणि गावातील पहिली रात्र

पोळ्याला जोडून शनिवार-रविवार आला, की नागपुरात किंवा पुण्यात स्थायिक झालेली विदर्भातील कुटुंबे गावाकडे निघतात. यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील फुलसावंगीसारख्या गावी वडिलोपार्जित वावर असते, वावरात एक-दोन खोल्यांचे घर असते. दोन रात्री तेथे काढाव्यात, सजलेले बैल पाहावेत, अशी मुलानातवंडांची इच्छा असते. त्या मातीची सर्वाधिक ओढ मात्र घरातील वृद्धांना असते. असे असूनही ऐनवेळी तेच म्हणतात, ‘‘तुम्ही जाऊन या, मी थांबतो घरी.’’

या नकाराचा अर्थ ‘इच्छा नाही’ असा लावण्याची घाई करू नये. पुष्कळदा त्यामागे उच्चारण्यास संकोच वाटणारे कारण असते, ते म्हणजे लघवीची चिंता. आजोबांची प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली असते, आजींना रस्त्यात स्वच्छ शौचालय मिळेल की नाही याची धास्ती असते. ‘माझ्यामुळे सारखी गाडी थांबवावी लागेल’ हा विचार त्याहून जाचतो. मग प्रवासाला निघालेच, तर ही मंडळी सकाळपासून पाणी पीत नाहीत, किंवा रक्तदाबासाठी दिलेली लघवी वाढवणारी गोळी परस्पर टाळतात. दोन्ही घातक आहेत. शरीरातील पाणी कमी झाले, की उभे राहताना चक्कर येते, मूत्रमार्गाचा संसर्ग होऊ शकतो. आणि वृद्धांमध्ये असा संसर्ग जळजळीऐवजी गोंधळलेल्या बोलण्यातूनही प्रकट होतो.

उपाय साधा आहे. गोळीची वेळ प्रवासाच्या दिवसापुरती बदलता येईल का, हे डॉक्टरांना आधीच विचारावे. नागपूरहून यवतमाळ, आर्णी या मार्गाने जाण्यास चार-पाच तास सहज लागतात. त्यात दर दीड-दोन तासांनी थांबण्याची ठिकाणे घरीच ठरवावीत. वृद्धांनी विनंती केल्यावर थांबणे आणि ठरल्याप्रमाणे सर्वांनीच उतरणे, यांत मोठा फरक आहे. दुसऱ्या पद्धतीत कोणालाही मागावे लागत नाही.

या थांब्यांचा आणखी एक लाभ आहे. चार तासांहून अधिक वेळ बसून केलेल्या प्रवासानंतर शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुपटीने वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात म्हटले आहे. मोटार, बस आणि रेल्वे यांनाही हे लागू पडते. निरोगी व्यक्तीसाठी मूळ धोका अल्प असतो. परंतु वय, कर्करोग, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा पूर्वी झालेली गुठळी यांमुळे तो वाढतो. म्हणून उतरल्यावर पाच मिनिटे चालावे, बसल्या जागी घोटे वरखाली हलवावेत. प्रवासानंतर एकाच पायाला सूज व वेदना आली किंवा एकाएकी धाप लागली, तर विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

मधुमेही व्यक्तीचे इन्सुलिन बंद गाडीत सोडून जाऊ नये आणि त्याला बर्फाचा थेट स्पर्श होऊ देऊ नये. पोळ्याच्या दिवशी आणखी एक दक्षता हवी. बैल तोरणाखालून परत येऊन त्यांना नैवेद्य दाखवेपर्यंत अनेक घरांत पान वाढले जात नाही. इन्सुलिन किंवा साखर कमी करणारी गोळी घेतलेल्या व्यक्तीने तोवर उपाशी राहिल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. त्यांना वेळेवर जेवू घालावे. पुरणपोळी नंतर, बेताने द्यावी.

प्रवास सुखरूप झाला, की कुटुंब निर्धास्त होते. खरी काळजी घेण्याची वेळ मात्र तेव्हाच सुरू होते, कारण सर्वांत जोखमीची असते ती पहिली रात्र. जागा अनोळखी किंवा विसरलेली, अंगण ओले, शौचालय घराबाहेर आणि वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. मध्यरात्री उठलेल्या वृद्धाचा तोल येथेच जातो आणि खुब्याचे हाड मोडते. काहींना तर आपण कोठे आहोत, हेच क्षणभर उमगत नाही. म्हणून उजेड असतानाच त्यांना शौचालयापर्यंत एकदा चालवून आणावे. उशाशी विजेरी ठेवावी, खोलीतच लघवीचे भांडे किंवा कमोडची खुर्ची ठेवावी आणि घरातील एकाने त्याच खोलीत झोपावे. उठताना मिनिटभर खाटेवर बसून मगच उभे राहावे.

पावसाळ्यात जमिनीवर झोपू नये. खाटेवर मच्छरदाणी गादीखाली नीट खोचावी. मण्यार रात्री झोपेत चावतो आणि चावल्याचे पुष्कळदा कळतही नाही. पहाटे पोटात दुखणे, पापण्या जड होणे, गिळण्यास त्रास होणे अशी लक्षणे दिसली, तर 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी; मांत्रिकाकडे वेळ दवडू नये.

याच दिवसांत कपाशीवर फवारणी चालू असते. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले, हे विसरता येत नाही. दम्याच्या रुग्णाला ताज्या फवारलेल्या वावरात नेऊ नये. शेजारच्या शेतात फवारणी असल्यास मुक्काम गावातल्या घरी करावा आणि वावर दुसऱ्या दिवशी, वारा पाहून दाखवावे.

नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, शस्त्रक्रिया झाली असेल किंवा ताप असेल, तर डॉक्टरांच्या अनुमतीवाचून निघू नये. इतरांच्या बाबतीत मात्र सामान बांधण्यापूर्वी, चारचौघांत नव्हे तर एकांतात, शांतपणे विचारावे, ‘‘आजी, तुम्हाला नेमकी कशाची अडचण वाटते?’’ उत्तर मिळाले, तर बहुतेक वेळा त्यावर मार्ग निघतो.