जादूची शाळा आणि गुणहीन नायक

जादूच्या विद्यालयात जादू न येणारा विद्यार्थी, हा अद्भुतिकेतील नायक आता रूढ झाला आहे. परंतु त्याची गुणहीनता बहुधा तात्पुरती असते. शाळेच्या कसोटीत न मावणारी सुप्त शक्ती त्याच्यापाशी निघतेच. कल्पितसृष्टीचे नियम जणू त्याच्या सोयीसाठीच रचलेले असतात. जे. के. रोलिंग यांच्या हॉगवर्ट्समध्ये खरा जादूहीन आहे तो राखणदार फिल्च. जादूगारांच्या कुळात जन्मलेला हा माणूस चोरून टपालाने जादू शिकू पाहतो (दुसरा भाग, १९९८). दुर्दैवाने कादंबरीला त्याच्यात हसण्याजोगेच अधिक दिसते.

या संदर्भात ‘कोसला’ (१९६३) पुन्हा वाचण्यासारखी आहे. खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग सांगवीकर पुण्याच्या महाविद्यालयात जातो. तेथे जादू नाही. पण वसतिगृह, मेस, परीक्षा, घरून येणाऱ्या पैशांचा हिशेब यांची सृष्टी खेड्यातून आलेल्या मुलाला तितकीच परकी आहे. भालचंद्र नेमाडे ती बारीकसारीक तपशिलांनी उभारतात आणि नायकासाठी तिचा एकही नियम वाकवीत नाहीत. जळगाव-धुळ्याच्या आपल्या विद्यार्थ्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही. पांडुरंग पदवीविना गावी परततो. वडिलांचे पैसे बुडतात ते बुडतातच.