दाखला एकच, वजन वेगळं

उसाची एफआरपी थकली की आपल्या जिल्ह्यात गदारोळ होतो, आणि व्हायलाच हवा. चौदा दिवसांत पैसे द्या, नाहीतर वर्षाला १५ टक्के व्याज, हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातच आहे. त्याच कारखान्यात मिलवर, पॅनवर राबणाऱ्याचा पगार थकला, तर गेटसमोर एक मंडप पडतो आणि आतल्या पानावर छोटी बातमी येते. राहुरीच्या डॉ. बाबूराव बापूजी तनपुरे कारखान्याच्या कामगारांना २०२१ मध्ये थकीत पगारासाठी आंदोलन करावं लागलं. १९५० साली प्रवरेत सहकारी साखर कारखाना उभा करणाऱ्या जिल्ह्यातली ही गोष्ट.

कोर्टात का जात नाहीत, असं लोक सहज विचारतात. कामगार जातात. १९३६ च्या वेतन कायद्यात दाव्याची मुदत वर्षाची होती, आणि 'सीझन सुरू होऊ द्या, बघू' म्हणत वर्ष काढणं कुठल्याही चेअरमनला अवघड नव्हतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत ती तीन वर्षांची झाली, हे बरं झालं. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा, असंही संहिता सांगते.

खरी रखडपट्टी निकालानंतर सुरू होते. थकबाकी ठरली की वसुलीचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, तिथून तहसीलला. रक्कम जमीन महसुलासारखी वसूल करायची. गंमत अशी, की शेतकऱ्याच्या एफआरपीचा दाखलाही याच वाटेने जातो. पण त्याच्यामागे सभासदांची मतं असतात, कामगाराच्या दाखल्यामागे फक्त जावक क्रमांक. तो टेबलावर पोचेपर्यंत कर्ज दिलेल्या बँकेने कारखान्याला कुलूप लावलेलं असतं. अवसायनात गेलेल्या कंपनीच्या कामगाराला तारणदार बँकेच्या बरोबरीने हिस्सा मागता येतो. सहकारी कारखाना कंपनी नाही, म्हणून तिथल्या कामगाराला ती सोय नाही. सहकाराने कामगाराला दिलेली ही भेट!

फंडाचं मात्र वेगळं आहे. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेच्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ठरवलं, की बँकेकडे तारण असलेल्या साखरेवरही पहिला हक्क भविष्य निर्वाह निधीच्या थकबाकीचा. म्हणून पगाराच्या चिठ्ठ्या जपून ठेवाव्यात. चिठ्ठीत फंड कापलेला दिसतो, पतसंस्थेचा हप्ताही कापलेला दिसतो. पैसे मात्र दोन्हीकडे पोचलेले नसतात, आणि पतसंस्थेची नोटीस कामगाराच्याच दारात येते. कापून न भरलेल्या फंडाची तक्रार पगाराच्या दाव्यासाठी थांबवू नये.

यातले कितीतरी कामगार सभासदांचीच मुलं आहेत. बाप उसाच्या भावासाठी सर्वसाधारण सभेत माईक हिसकावून घेतो आणि मुलाच्या पगारावर गप्प बसतो. सप्टेंबरच्या सभेत त्याने एवढंच विचारावं: ताळेबंदात थकीत पगार आणि फंड किती, आणि कारखाना भाड्याने द्यायचा झाला तर ती रक्कम आधी कोण भरणार? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावं.