सर्व्हिस बुक नसलेली गाडी

पेण-रोह्याकडे जुनी गाडी दाखवायला आणतात ती धुऊन-पुसून चकाचक. सर्व्हिस बुक मात्र 'घर बदलताना हरवले'. अशा वेळी मीटरवर विसंबू नका. टायरच्या कडेला चार अंक असतात : २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मीटर तीसच हजार किलोमीटर दाखवतो, पण टायर गाडीपेक्षा बरेच नवे आणि ब्रेकच्या पेडलचे रबर गुळगुळीत, तर आकड्यात गडबड समजा.

आपल्याकडे खरी भीती खाऱ्या हवेची आणि पुराची. जुलै २०२१ मध्ये महाड-चिपळूण बुडाले, तिथल्या गाड्याही बुडाल्या. सीटबेल्ट टोकापर्यंत ओढून बघा. आतल्या भागावर गाळाची रेघ दिसली, तर गाडी स्वस्तातही नको. वायरिंग पुढे कधीही दगा देते. गाडीखालचा पत्रा मेकॅनिककडून ठोकून पाहा, पण मेकॅनिक तुमचा हवा, विकणाऱ्याचा नव्हे. ऑइल, कूलंट, बेल्ट, बॅटरी काहीच बदललेले नाही असे धरून तो खर्च किमतीतून वजा करा. स्वतःहून ऐब सांगणारा मालक भेटला, तर मात्र फार घासाघीस नको.

गाडीला पंधरा वर्षे होत आली असतील, तर नोंदणीचे नूतनीकरण आणि पर्यावरण कर यांची चौकशी पेणच्या आरटीओत बयाणा देण्यापूर्वीच करा.