चौथ्याचे नाव करारात असू द्या

जून उजाडला की कोथरूड, कर्वेनगर, धनकवडीपासून विमाननगरपर्यंतच्या गृहनिर्माण संस्थांच्या कार्यालयांत तोच विषय निघतो: अमुक सभासदाने फ्लॅट विद्यार्थ्यांना दिला आहे, आता काय करायचे? बहुतेक समित्यांचे उत्तर तयार असते. कधीकाळी वार्षिक सभेत झालेला ठराव पुढे केला जातो, 'फक्त फॅमिलीला' असे वॉचमनला बजावले जाते आणि सचिव मोकळे होतात. या अंकाच्या निमित्ताने राज्यातल्या, विशेषतः पुण्यातल्या, समिती सदस्यांना आम्हाला एवढेच पटवायचे आहे की या बंदीने विद्यार्थी कमी होत नाहीत, त्यांची नावे तेवढी कागदावरून नाहीशी होतात. आणि घरात नेमके कोण राहते हे ठाऊक नसणे, हीच तर समितीची मूळ तक्रार असते.

हे कसे घडते ते पाहा. वसतिगृहाच्या यादीत नाव लागले नाही की मुलापुढे दोनच वाटा उरतात. सदाशिव, नारायण किंवा नवी पेठेत कॉट बेसिसवर राहायचे, नाहीतर तिघाचौघांनी मिळून फ्लॅट घ्यायचा. चौघांत वाटले जाणारे भाडे एका कुटुंबाला परवडेल त्याहून चढे असू शकते, त्यामुळे मालकाचा कल कुठे जाणार हे सांगायला नको. ठराव आड येतो म्हणून एजंट तोड काढतो: करार एका मुलाच्या वडिलांच्या नाहीतर नोकरीला लागलेल्या चुलतभावाच्या नावे करायचा. संस्थेकडे 'फॅमिली'ची प्रत जाते आणि गाद्या चार पडतात. दिवाळीनंतर एकाला इंटर्नशिप मिळून तो बंगळूरला जातो. त्याच्या जागी मित्राचा मित्र येतो, जुन्याचे डिपॉझिट नव्याने मोबाइलवरून परस्पर चुकते केलेले असते. मालक नाशिकला किंवा अमेरिकेत. मार्चमध्ये काही भानगड झाली आणि पोलीस दारात आले, तर सचिवांच्या फायलीत एकच नाव सापडते आणि तो माणूस त्या घरात कधी राहिलेलाच नसतो.

कायदा याबाबत बराच स्पष्ट आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, जबाबदारी मालकाची आहे, आणि ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणीतून सुटका, हा समज नोंदणी कायद्यातल्या एका वर्षाच्या मर्यादेवरून आलेला आहे. आपल्या राज्यात तो चालत नाही. संस्थेपुरते बोलायचे तर 2014 च्या आदर्श उपविधींनुसार सदनिका भाड्याने देण्यास समितीची पूर्वपरवानगी लागत नाही. सभासदाने आठ दिवस आधी कळवायचे आणि कराराची व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची, इतकेच. जुने उपविधी अजून चालवणाऱ्या संस्थांनी ते आधी बदलून घ्यावेत. सभेचा ठराव उपविधींच्या वर जात नाही, आणि उपविधीतली दुरुस्ती निबंधकाकडे नोंदल्याशिवाय अंमलात येत नाही. बिनभोगवटा शुल्काचेही तेच. 1 ऑगस्ट 2001 च्या शासन आदेशाने ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांवर बांधले आहे. सेवा शुल्क दोन हजार असेल तर दोनशे रुपये. त्यावर 'बॅचलर चार्ज' म्हणून जे काही लावले जाते त्याला आधार नाही.

मग समितीच्या हाती काय उरते? नावे मागणे, आणि हे हत्यार बंदीपेक्षा किती तरी धारदार आहे. चौघांनी मिळून सही केली की भारतीय करार अधिनियमाच्या कलम 43 नुसार, करारात वेगळे ठरलेले नसेल तर, मालक संपूर्ण रक्कम चौघांपैकी कुणाही एकाकडे मागू शकतो, आणि ज्याने भरली तो इतरांकडून त्यांचा वाटा वसूल करू शकतो. म्हणजे चौघे एकमेकांवर लक्ष ठेवतात. एकानेच सही केली असेल तर बाकीचे तिघे मालकाच्या दृष्टीने हवेत असतात आणि सही करणारा बिचारा सगळ्यांचे भोगतो. जोडीदार बदलला की नवा करार करायचा, हे ऐकायला खर्चिक वाटते. भाडे चोवीस हजार, डिपॉझिट बहात्तर हजार आणि मुदत अकरा महिने धरली, तर एकूण भाडे अधिक डिपॉझिटवरचे दहा टक्क्यांनी होणारे व्याज यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क सातशेच्या आसपास येते. शहरी भागातली नोंदणी फी एक हजार. चौघांत वाटले तर डोक्यावर पाचशेही नाहीत. एजंटाचा मेहनताना वेगळा, पण तो घासाघीस करून कमी होतो.

आक्षेप आहेत, आणि सगळे पोकळ नाहीत. दोन बीएचकेत आठ जण राहिले तर पाण्याच्या टाकीवर आणि दुचाकींच्या जागेवर ताण पडणारच. सदनिकेच्या आकारानुसार किती माणसे आणि किती वाहने, याचा नियम करायला आमची ना नाही; मात्र तो मालक, भाडेकरू, कुटुंब, विद्यार्थी सगळ्यांना सारखा लावावा. गोंगाटाचा आक्षेप इतका पक्का नाही. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत निवासी भागात 45 डेसिबलची मर्यादा 2000 च्या नियमांनी घातलेली आहे आणि ती गणपतीच्या ढोलपथकापासून लग्नाच्या डीजेपर्यंत सगळ्यांना आहे. तक्रार वर्तनाची असावी, वयाची नव्हे. 'संस्था आमची, कुणाला घ्यायचे ते आम्ही ठरवू' असे म्हणणारे झोरोॲस्ट्रियन संस्थेच्या 2005 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा दाखला देतात. तो खटला सभासदत्वाचा होता. भाडेकरू सभासद होत नाही.

एका गोष्टीबद्दल आम्हाला जरा कडक बोलू द्या. 'बॅचलर नको' या नियमाआड आडनाव विचारले जाते आणि ते ऐकून 'फ्लॅट कालच गेला' असे सांगितले जाते. मुलींना घर मिळते, पण दहाच्या आत येण्याच्या अटीवर, जणू समिती ही त्यांची पालक आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला पुण्या-मुंबईसाठी ठरलेला निवास भत्ता वर्षाला वीस हजार आहे, म्हणजे महिन्याला सतराशेही नाही. एवढ्यात एकट्याने खोली घेणे अशक्यच. त्याला जोडीदार शोधावेच लागतात. तीन ठिकाणी नकार ऐकलेला मुलगा चौथ्या ठिकाणी बिननावाने राहायला तयार होतो.

वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यायची असते. तिच्या विषयपत्रिकेत जुना बंदीचा ठराव रद्द करण्याचा विषय घाला. सोबत एकपानी अर्ज ठेवा: राहणाऱ्या प्रत्येकाचे नाव, फोटो, महाविद्यालय, घरच्यांचा एक फोन नंबर, वाहनाचा क्रमांक, करार संपण्याची तारीख, आणि माणूस बदलल्यास मालकाने किती दिवसांत कळवायचे त्याची ओळ. सध्याच्या भाडेकरूंकडून तो भरून घेतल्यावर किती सदनिकांत कागदावरचे नाव आणि दारावरचा माणूस जुळतो, हे पुढच्या मासिक बैठकीत वाचून दाखवायला सचिवांना सांगा.