गोळी सोडू नका, झडपेवर लक्ष ठेवा

घरात कुणाला रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे का? मग तिची पट्टी हातात घ्या आणि नाव वाचा. वॉरफरिन किंवा अ‍ॅसिट्रॉम असेल, तर पुढचं तुमच्या कामाचं आहे.

या गोळ्या 'के' जीवनसत्त्वाचं काम अडवतात, म्हणून रक्ताची गुठळी सहजी होत नाही. पण रक्तवाहिन्यांत आणि हृदयाच्या झडपांत कॅल्शियम साचू न देणारं एक प्रथिनही याच जीवनसत्त्वावर चालतं. गोळी वर्षानुवर्षं चालली, की तेही मंदावतं. अशा काही रुग्णांच्या झडपेवर कॅल्शियम जास्त साचलेलं आढळलं आहे. झडप कडक झाली, की नीट उघडत नाही. अर्थात वय, बीपी, तंबाखू आणि किडनीचा आजार यांचाही त्यात वाटा असतो.

तरीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका. कॅल्शियम साचायला वर्षं लागतात. गुठळी मेंदूत गेली, तर लकवा क्षणात होतो. धातूची झडप बसवलेल्यांना तर आजही हीच गोळी लागते. त्यांना डाबिगाट्रान हे नवं औषध देऊन पाहिलं, तर गुठळ्याही वाढल्या आणि रक्तस्रावही, हे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं.

मग काय करायचं?

आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी तपासणी चुकवू नका. आकडे एका वहीत तारखेसह लिहा.

पालक, मेथी सोडू नका, पण दर आठवड्याला साधारण सारखीच खा. नवरात्रात नऊ दिवस पालेभाजी बंद झाली, तर आयएनआर चढू शकतो. उपवासाआधी डॉक्टरांना सांगा.

'के-२' जीवनसत्त्वाच्या गोळ्या दुकानातून आणून सुरू करू नका. त्यांनी मूळ गोळीचा जोर उतरतो. अंगदुखीची गोळीही विचारूनच घ्या.

तंबाखू, मिश्री सोडा. बीपी आणि साखर ताब्यात ठेवा.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा. टूडी इको कधी करायचा? माझ्या आजारात दुसरी गोळी चालेल का? काहींना चालते, काहींना नाही. ते त्यांनाच ठरवू द्या.

जिना चढताना नव्याने धाप लागली, छातीत दुखलं किंवा चक्कर आली, तर "वयामुळे असेल" म्हणून अंगावर काढू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, आणि ती वही सोबत न्या.