झेपणार नाही, हे कोणी ठरवायचं?

परवा भाच्याचा फोन आला. दिवाळीनंतर सगळ्यांनी मिळून कुलदैवताला जायचं ठरतंय, मिनीबस केलीय, लहानथोर धरून सोळा माणसं. मी विचारलं, "आणि ताईचं काय रे?" तर म्हणाला, "मावशी, आईला नाही नेत. ऐंशी पूर्ण झाली, एवढा प्रवास तिला झेपणार नाही. दोन दिवस सोबतीला बाई ठेवतोय. तिचे हाल नकोत."

पोरगा गुणी आहे हो. आईच्या गोळ्यांच्या वेळा त्याला तोंडपाठ असतात. पण फोन ठेवला आणि मला चैन पडेना. एक प्रश्न विचारायचा राहून गेला होता. तो इथे विचारणारच आहे, पण त्याआधी आमच्या बंड्याची हकिकत सांगायला हवी.

बंड्या म्हणजे आमचा कुत्रा. अस्सल गावठी. २०२४ साली तो बारा वर्षांचा होता आणि त्याच्या मागच्या पायांचे सांधे धरू लागले होते. दुसरी चिंगी, दोन वर्षांची, अंगात वारं भरलेली. आमच्या सूनबाईंनी त्या वर्षी गोव्याच्या ट्रायथलॉनमध्ये नाव घातलं. वय पंचेचाळीस, बँकेत नोकरी, आणि हे डोहाळे! मीही तेव्हा सासूला शोभेलसंच बोलले, "कशाला गं हा खटाटोप? झेपणार आहे का तुला?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आधी पोहायचं, मग सायकल चालवायची, मग धावायचं, आणि मध्ये विश्रांती नाही. कपडे-बूट बदलण्यात जातो तो वेळही मोजतात. अमेरिकेत हवाईला १९७८ साली पंधरा जणांनी जी पहिली आयर्नमॅन शर्यत केली, तिची अंतरं पूर्ण करायची म्हणजे दिवस उजाडल्यापासून रात्रीपर्यंतचं काम. गोव्याची शर्यत तिच्या निम्मी. मिरामारच्या समुद्रात १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल, आणि २१.१ किलोमीटर धावणं. सगळं साडेआठ तासांत. २०१९ साली ती तिथे पहिल्यांदा झाली.

सूनबाईंना सुरुवातीला तलावाची पंचवीस मीटरची एक लांबीसुद्धा धड जमत नव्हती. पलीकडची कड धरून धापा टाकायच्या. आणि शर्यतीला लागणार होत्या तशा शहात्तर लांब्या! पण त्यांनी एक तक्ता करून फ्रिजवर चिकटवला. आठवड्याला थोडं थोडं वाढवायचं. तीन आठवडे वाढवलं की चौथा हलका, कारण ताकद श्रमाने येते तशी विश्रांतीनेही येते. रविवारी सायकलवरून उतरल्या उतरल्या लगेच धावायला लागायचं, कारण सायकलनंतर पाय लाकडासारखे होतात आणि त्याची सवय आधीच करावी लागते. शेवटचे दोन आठवडे तर मुद्दाम कमी. चाळीस वर्षं मी अभ्यासाचं वेळापत्रक करून दिलं, पण परीक्षेआधी अभ्यास कमी करा असं कधी सांगितलं नाही. चुकलंच म्हणायचं.

असो. शर्यत ऑक्टोबरच्या शेवटी. गाडीने जायचं ठरलं, चिरंजीव चालवणार. प्रश्न आला कुत्र्यांचा. जिथे पैसे देऊन कुत्री ठेवून घेतात त्यांनी चिंगीला हो म्हटलं, बंड्याला नाही. म्हाताऱ्या कुत्र्याची जबाबदारी नको. मग रात्री जेवताना चिरंजीव सहज बोलून गेले, "चिंगीला नेऊ. बंड्या आणि आई घरीच राहतील. दोघांनाही झेपणार नाही."

एका वाक्यात दोन नावं! मला हसूही आलं आणि घास घशात अडकलाही. माझ्याबद्दल बोलणं चाललं होतं, माझ्यासमोर चाललं होतं, पण मला उद्देशून नव्हतं. ताटाखाली बसलेल्या बंड्याला तरी कळलं नसेल. मला कळलं.

दुसऱ्या दिवशी मी सूनबाईंना म्हटलं, "तू पंचवीस मीटरला दमत होतीस तेव्हा कोणी तुला वगळलं नाही. तक्ता करून दिला. मग आम्हा दोघांना तक्ता का नाही?" त्या क्षणभर बघत राहिल्या. म्हणाल्या, "आई, तुम्ही म्हणाला होतात मला झेपेल का म्हणून!" मी म्हटलं, "म्हणाले होते. चूक होती." त्यांनी पेन घेतलं आणि तक्त्यावर दोन रकाने वाढवले. एकावर लिहिलं बंड्या, दुसऱ्यावर आई.

आधी बंड्याच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी हृदय-फुप्फुसं तपासली आणि अटींवर हो म्हटलं. गाडीत उडी मारायला लावायची नाही, म्हणून फळीला खरखरीत पायपुसणं ठोकून उतार केला. निघण्यापूर्वी तीन-चार तास पोटभर खाणं नाही. दर दोन तासांनी थांबायचं, पाणी द्यायचं. छातीपट्टा घालून सीटला बांधायचं, खिडकीतून डोकं बाहेर नको. आणि बंद गाडीत पाच मिनिटंसुद्धा सोडायचं नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकून अंग थंड करतं, आणि बंद गाडी बघता बघता भट्टी होते. डांबरावर आपला उलटा तळहात पाच-सात सेकंद ठेवून बघायचा. आपल्याला सोसवत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही.

पहिला आठवडा गाडी जागच्या जागी. दारं उघडी, इंजिन बंद, दहा मिनिटं आत बसायचं आणि भाकरी खायची. दुसऱ्या आठवड्यात कोपऱ्यापर्यंत. तिसऱ्यात खेड शिवापूर. चौथ्यात वाई आणि परत.

माझाही रकाना होता. खुर्चीवरून हात न टेकता उठणं, रोज दहा वेळा. सुरुवातीला चारच जमायचे. दीड तास सलग बसून मग दहा मिनिटं चालणं. आणि एक गोष्ट जी आम्ही बायका कोणाला सांगत नाही, ती सांगते. प्रवासात स्वच्छतागृहाची पंचाईत नको म्हणून आम्ही पाणीच पीत नाही. मग पायात गोळे येतात, डोकं धरतं, आणि घरचे म्हणतात, बघा, प्रवास झेपत नाही! प्रवास झेपत नाही असं नसतं, तहान झेपत नाही. थांबायच्या जागा आधी कागदावर लिहिल्या तेव्हा मी पहिल्यांदा प्रवासात पोटभर पाणी प्यायले.

आता जे सांगणार आहे ते सोपं नाही. १९८४ साली मी सहावीच्या वर्गाची सहल प्रतापगडाला नेली होती. वर्गात एक मुलगा होता, पोलिओने त्याचा एक पाय बारीक झालेला. सहलीचे पैसे मुठीत घेऊन तो टेबलाशी आला. मी मायेनेच म्हटलं, "बाळ, पायऱ्या फार आहेत, तुला त्रास होईल. पुढच्या वर्षी आपण सपाटीवर कुठेतरी जाऊ, तेव्हा ये." तो काही बोलला नाही, पैसे घेऊन जागेवर जाऊन बसला. गडावर काय झालं? निम्मी धडधाकट पोरं भवानीच्या देवळाशी डबे उघडून बसली, वरपर्यंत गेलीच नाहीत. त्यालाही तिथे बसवता आलं असतं. पुढच्या वर्षी सहल खरोखरच सपाटीवर होती. त्याने नावच दिलं नाही. मी विचारलं तर म्हणाला, "नको बाई, मला आवडत नाही."

माणसाला वारंवार वगळलं की ते स्वतःच "मला नको" म्हणायला शिकतं. मग आपण म्हणतो, बघा, तिलाच यायचं नाही! आपल्या घरातल्या किती म्हाताऱ्या माणसांची नावड अशी तयार झाली असेल कोण जाणे.

वय आडवं येतंच, नाही असं नाही. पण किती आणि कुठे, ते तयारीवाचून कळत नाही. जपानचे हिरोमु इनादा यांनी २०१८ साली हवाईची पूर्ण अंतराची शर्यत वेळेत पुरी केली तेव्हा ते पंच्याऐंशी वर्षांचे होते. अमेरिकेतल्या सिस्टर मॅडोना ब्युडर या जोगिणीने अठ्ठेचाळिसाव्या वर्षी धावायला सुरुवात केली आणि २०१२ साली, ब्याऐंशीव्या वर्षी, कॅनडातली पूर्ण आयर्नमॅन पार केली. आम्हाला काही आयर्नमॅन व्हायचं नाही. गाडीत बसून गोव्याला जायचं होतं!

काही वेळा खरंच झेपत नाही, हेही मला ठाऊक आहे. आमच्या ह्यांच्या शेवटच्या वर्षी नाशिकला पुतणीचं लग्न होतं आणि डॉक्टरांनी प्रवासाला साफ मनाई केली होती. पण मुलाने त्यांच्या पलंगाशी बसून सगळं सांगितलं आणि विचारलं, बाबा, काय करू या? हे म्हणाले, "तुम्ही जा, मला फोनवर अक्षता दाखवा." गेले नाहीतच. पण तो निर्णय त्यांचा होता. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे.

तर आम्ही निघालो, पहाटे पाचला. खंबाटकी घाटात ओकारी झाली ती कोणाला? चिंगीला! बंड्या शांतपणे माझ्या मांडीवर हनुवटी ठेवून होता. रात्री कोल्हापूरला मुक्काम केला, म्हणजे साडेचारशे किलोमीटरचे दोन तुकडे झाले. दुसऱ्या दिवशी निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी करत पणजी. माझे गुडघे दुखले, खोटं कशाला सांगू? पण घरी बसूनही दुखतातच.

शर्यतीच्या गर्दीत कुत्र्यांना नेलं नाही. चिरंजीव आणि मी पाळीपाळीने खोलीवर थांबलो. त्यामुळे समुद्रातलं पोहणं मला दिसलं नाही. शेवटचं धावणं मात्र पाहिलं. सूनबाई आठ तास चार मिनिटांनी आल्या. चेहरा मिठाने पांढरा झालेला. मला बघून रडल्या, मीही रडले.

संध्याकाळी बंड्याला वाळूवर नेलं. ओल्या वाळूत बसून त्याने बराच वेळ नुसता वास घेतला. दहा-बारा मिनिटांनी आपणहून उठला आणि गाडीकडे वळला. पुरे झालं, हे त्याचं त्याला कळलं.

आता भाच्या, तुझ्यासाठी. वाचून रागावशील, रागाव. पण तुझ्या हातात सात आठवडे आहेत. डॉक्टरांना विचार. मग पहिल्या रविवारी ताईला गाडीतून कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत ने. दुसऱ्या रविवारी माझ्याकडे घेऊन ये, पाऊण तासाचं अंतर आहे. वाटेत कुठे थांबायचं ते आधी बघून ठेव आणि तिला पाणी पाज. एवढं करून ती नको म्हणाली तर बाई ठेव आणि निर्धास्त जा.

आणि फोनवर विचारायचा राहिलेला प्रश्न हा, की आईला विचारलंस का रे?