फुकट वाटले तरी प्रकाशनच

संपादित ग्रंथाच्या मुखपृष्ठावर संपादकाचे नाव असते, म्हणून आतले सर्व लेख त्याचे होत नाहीत, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही. प्रत्येक लेखाचा लेखक वेगळा, त्याचा हक्क वेगळा, आणि कोणता लेख कोठून घेतला याची नोंद देणे हे संपादकाचे कर्तव्य. संगणकाच्या क्षेत्रात, तेही 'मुक्त' म्हणवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत, ही साधी शिस्त किती सहज विसरली जाते याचा अनुभव आम्ही नुकताच घेतला. विसरणारे आम्हीच होतो.

जुन्या मराठी नियतकालिकांच्या स्कॅन केलेल्या पानांवरून, ज्यात शब्द शोधता येतील असा मजकूर तयार करण्याचे काम आम्ही काही जण करतो. त्यासाठी छापील अक्षरे ओळखणारा टेसरॅक्ट हा प्रोग्राम लागतो, त्याला मराठी वाचायला शिकवणारी फाइल लागते, पीडीएफ हाताळणारा घोस्टस्क्रिप्ट लागतो, देवनागरी फॉन्ट लागतात, आणि या सर्वांच्या खाली डेबियनसारखी एखादी लिनक्स प्रणाली लागते. हा संसार प्रत्येक प्राध्यापकाच्या संगणकावर मांडून देणे जिकिरीचे. म्हणून आम्ही सगळे एका कंटेनर इमेजमध्ये भरले. कंटेनर इमेज म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणारे सर्व साहित्य एकत्र बांधलेली पेटी. ती उतरवून घ्यायची आणि चालवायची. २०१३ साली डॉकर आल्यापासून ही पद्धत सार्वत्रिक झाली आहे. आम्ही पेटी सर्वांसाठी खुली केली, आमच्या शंभरेक ओळींच्या जोडकामाला लावलेला एमआयटी परवाना तिच्यावर चिकटवला, आणि पुण्यकर्म पार पडले असे समजून स्वस्थ बसलो.

एका स्नेह्याने विचारले, "या पेटीत तुमचे किती?" तेव्हा आम्ही प्रथमच आत पाहिले. टेसरॅक्ट अपाचे परवान्याचा. घोस्टस्क्रिप्ट २०१३ पासून एजीपीएल या कडक परवान्याचा. बॅश हा कवच-प्रोग्राम जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीचा. लोहित देवनागरी हा फॉन्ट मुक्त फॉन्ट परवान्याचा, म्हणजे ओएफएलचा. शेकडो जणांच्या श्रमाची ही पेटी, आणि वरच्या चिठ्ठीवर परवाना आमच्या शंभर ओळींचा! एका पेटीत राहिल्याने निरनिराळ्या कृती एका परवान्याखाली येत नाहीत. १९९१ च्या जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीतच म्हटले आहे की, निव्वळ एकत्र ठेवल्याने दुसऱ्या स्वतंत्र कृतीला हा परवाना लागू होत नाही. याचा व्यत्यासही तितकाच खरा: एकत्र ठेवल्याने कोणाचा परवाना सुटतही नाही.

पुढचा दोष अधिक लाजिरवाणा. इमेज आकाराने लहान व्हावी म्हणून आम्ही दस्तऐवजांचा फोल्डर उडवला होता. ही युक्ती अनेक जण वापरतात. पण डेबियन प्रत्येक घटकाच्या कर्त्याचे नाव आणि परवान्याची नोंद नेमकी त्याच फोल्डरात ठेवते. थोडक्यात, काही मेगाबाइट वाचवण्यासाठी आम्ही ग्रंथातील श्रेयनामावली फाडली होती. याउलट, कामाच्या सुरुवातीला कोणीतरी एका व्यावसायिक देवनागरी फॉन्टची प्रत सोयीसाठी आत ठेवली होती. पुनर्वितरणाची मुभा नसल्याचे ध्यानात येताच पुढच्या पायरीत ती पुसली, आणि आम्ही निश्चिंत झालो. परंतु इमेज थरांवर थर रचून बनते. वरच्या थरात फाइल पुसली की ती दिसेनाशी होते एवढेच; खालच्या थरात ती जशीच्या तशी राहते आणि इमेज उतरवून घेणाऱ्या प्रत्येकाकडे जाते. जे दाखवायला हवे ते आम्ही झाकले होते, आणि जे द्यायला नको ते वाटत होतो.

येथे प्रश्न केवळ कायद्याचा नाही. देवनागरीचा चांगला फॉन्ट म्हणजे काही वर्णांचा संच नव्हे. जोडाक्षरे, रफार, मात्रा यांची शेकडो रूपे कोणीतरी एकेक करून रेखाटलेली असतात. ते काम कोणी ओएफएलखाली सर्वांना देतो, कोणी त्यावर उपजीविका करतो. पहिल्याने मागितलेली अट इतकीच की, प्रत्येक प्रतीसोबत हक्काची नोंद आणि परवाना जावा, आणि नुसता फॉन्ट कोणी विकू नये. दुसऱ्याने आपला फॉन्ट वाटण्याची परवानगीच दिलेली नाही. आम्ही दोघांचाही शब्द मोडला, आणि तोही परोपकाराच्या नावाने.

यानंतर सोर्स कोडचा, म्हणजे प्रोग्रामच्या माणसाला वाचता येणाऱ्या संहितेचा प्रश्न येतो. जीपीएल कुळातील परवाने सांगतात की, यंत्राला कळणारे रूप वाटाल तर संहिताही द्या: सोबत द्या, त्याच ठिकाणी तितक्याच सुलभतेने उपलब्ध ठेवा, किंवा किमान तीन वर्षे ती पुरवण्याचे लेखी वचन द्या. 'मूळ कर्त्याच्या संकेतस्थळावर असेलच की' हे आमचे उत्तर पुरेसे नव्हते. तिसऱ्या आवृत्तीत (२००७) संहिता दुसऱ्याच्या सर्व्हरवर असली तरी चालते; मात्र ती नेमकी कोठे आहे हे सांगावे लागते, आणि गरज असेपर्यंत ती तेथे मिळत राहील याची जबाबदारी वाटणाऱ्याचीच राहते. शिवाय संहिता हवी ती त्याच आवृत्तीची. पाठचिकित्सा शिकलेल्या वाचकांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

आवृत्तीचा घोळ तर या क्षेत्रात रोजचा. इमेजवर 'लेटेस्ट' अशी चिठ्ठी लावण्याची प्रथा आहे. ही चिठ्ठी आज एका इमेजवर असते, उद्या दुसऱ्या. तिच्यावर विसंबून संदर्भ देणे म्हणजे तळटीपेत वर्ष न देता 'नवी आवृत्ती, पृष्ठ ४०' लिहिणे. इमेजची खरी ओळख तिच्या आशयावरून गणिताने काढलेल्या ६४ चिन्हांच्या ठशाने पटते; आत एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. एवढी जबाबदारी टाकली तर हौसेने काम करणारे लोक इमेज प्रसिद्धच करणार नाहीत. त्यापेक्षा फक्त कृती द्यावी आणि ज्याने त्याने आपली पेटी बांधावी. ऑक्टोबर २०२५ मध्ये मिनिओ या माहिती साठवण्याच्या सॉफ्टवेअरच्या निर्मात्यांनी समुदाय-आवृत्तीच्या तयार इमेज देणे थांबवले. सोर्स कोड एजीपीएलखाली राहिला. परवान्याचा भंग त्यात नव्हता, कारण तयार रूप द्याच असे कोणताही मुक्त परवाना सांगत नाही. तरी आयत्या इमेजवर विसंबलेल्यांची तारांबळ झाली, कारण जुन्या इमेजमध्ये सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या येणार नव्हत्या.

नुसती कृती देणे आम्हांला अपुरे वाटते. एकच कृती सहा महिन्यांनी चालवली तर घटकांच्या आवृत्त्या बदललेल्या असतात आणि पेटी वेगळी निघते. शिवाय ज्यांच्यासाठी आम्ही हा खटाटोप केला, त्या लहान महाविद्यालयातल्या अध्यापकांना पेटी बांधणे जमत नाही, म्हणूनच तर ती हवी होती. तेव्हा इमेज प्रसिद्ध करावी. पण ते प्रकाशन आहे हे मानून करावी. प्रकाशन फुकट असले म्हणून त्याची जबाबदारी अर्धी होत नाही.

आम्ही ती इमेज मागे घेतली. ज्यांनी ती आधीच उतरवून घेतली, त्यांच्याकडून ती परत आणता येत नाही, ही रुखरुख राहीलच. नवी इमेज पहिल्या थरापासून बांधली. त्यात तो फॉन्ट कधी शिरलाच नाही. श्रेयनोंदी जागेवर ठेवल्या, परवान्यांची घटकवार यादी २०२१ पासून आंतरराष्ट्रीय मानक असलेल्या एसपीडीएक्स पद्धतीने जोडली, आणि वापरलेल्या आवृत्त्यांची संहिता इमेजच्या शेजारीच ठेवली. या सर्वाला चार सुट्ट्या लागल्या. यापुढे कधी दुरुस्ती थांबवली तर तसे इमेजच्या पानावर ठळकपणे लिहू, हेही ठरवले आहे.

अध्यापक आणि संशोधक मित्रांना आमची विनंती एवढीच: कोणी आयती इमेज दिली तर आत काय आहे, कोणाचे आहे आणि संहिता कोठे आहे, हे विचारा. आणि तिच्या साहाय्याने काढलेला मजकूर प्रबंधात वापरलात, तर 'लेटेस्ट' न लिहिता ती ६४ चिन्हे तळटीपेत द्या.